रानस्ट्रॉबेरी

गुलाब कुलातील फ्रॅगॅरिया व्हेस्का ही बहुवर्षायू वनस्पती. उत्तर गोलार्धाच्या थंड व समशीतोष्ण भागांत ती जंगलाच्या कडेने, विरळ सावलीत वाढते. बाजारातील मोठी स्ट्रॉबेरी हिच्यापासून आलेली नाही. ती दोन अमेरिकी जातींच्या संकरातून १८ व्या शतकात युरोपात तयार झाली.

फळांसाठी लागवड करायची तर आल्पाइन प्रकार निवडावा. त्याला रनर (जमिनीवर सरपटत जाऊन नवी रोपे देणारे फुटवे) जवळजवळ फुटत नाहीत आणि फळे हंगामभर थोडी थोडी येत राहतात. मूळ जंगली रूप रनर सोडत पसरते आणि हंगामात एकदाच फळून मोकळे होते. झाडांखालची उघडी जमीन झाकायला मात्र तेच बरे.

बी फार बारीक असते. ते ओलसर कागदात गुंडाळून ३-४ आठवडे फ्रिजमध्ये ठेवले की उगवण एकसारखी होते. नंतर चाळलेल्या, ओल्या मातीच्या मिश्रणावर बी पसरून हलके दाबावे. वर माती टाकू नये, कारण उगवणीला उजेड लागतो. झारीच्या पाण्याने बी एका कोपऱ्यात वाहून जाते, म्हणून ट्रे पाण्यात ठेवून ओल खालून चढू द्यावी. साधारण २० अंश सेल्सिअसला २ ते ४ आठवड्यांत कोंब दिसतात. पुढे रोपे इतकी सावकाश वाढतात की वाढ खुंटली असे समजून बरेच जण ट्रे ओतून देतात.

रोपे ३० सेंमी. अंतरावर, निचऱ्याच्या, किंचित आम्ल मातीत (सामू ५.५ ते ६.५) लावावीत. लावताना सगळे लक्ष क्राउनकडे हवे. पाने जिथून फुटतात तो हा आखूड भाग मातीच्या पातळीलाच राहिला पाहिजे. गाडला तर कुजतो, उघडा राहिला तर मुळे सुकतात. चुनखडीच्या मातीत लोह मिळत नाही, त्यामुळे कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. नत्र जास्त झाले की पाने माजतात आणि फुले कमी येतात. दाटी व सततची ओल असल्यास फळांवर करडी बुरशी धरते. पक्ष्यांचा त्रास असेल तर पांढऱ्या-पिवळ्या फळांचे वाण लावावेत. ती त्यांना पिकलेली वाटत नाहीत.

पूर्ण पिकलेले फळ हिरवी निदले (फळाची पानांसारखी टोपी) देठाशी सोडून अलगद सुटते. ओढावे लागले तर थांबावे, कारण तोडल्यावर ते पिकत नाही. तीन-चार वर्षांनी झुपके विभागून कडेचे जोमदार फुटवे लावावेत आणि मधला लाकडासारखा भाग टाकून द्यावा.

पिवळ्या फुलांची, वर तोंड केलेल्या बेचव फळांची पोटेंटिला इंडिका ही वनस्पती रानस्ट्रॉबेरी समजून अनेकदा लावली जाते. रानस्ट्रॉबेरीची फुले पांढरी असतात.