इमर्सिव्ह डिजिटल रंगभूमी

जिवंत नटाचा प्रयोग आणि संगणकाने घडवलेली दृश्ये व ध्वनी यांची सांगड घालून प्रेक्षकाला थेट कथेच्या आत नेणारा नाट्यप्रकार. प्रोजेक्टर, नटाची हालचाल टिपणारे सेन्सर, डोळ्यांवर चढवून आभासी दृश्यात नेणारा व्हीआर हेडसेट आणि चहूबाजूंनी ऐकू येणारा ध्वनी ही त्याची साधने. नटामागे एलईडी पडद्यावर वाडा दाखवला, एवढ्याने नाटक या प्रकारात मोडत नाही. तो रंगवलेल्या पडद्याचाच नवा अवतार. चित्र नटाच्या हालचालीला प्रतिसाद देते का, ही खरी कसोटी.

प्रकाशाने रंगमंचावर माया उभी करण्याची खटपट जुनी आहे. लंडनमध्ये १८६२ साली तिरक्या काचेवरच्या प्रतिबिंबातून नटाशेजारी भूत उभे करण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ दाखवली: काचेवर रंगवलेली, हलणारी पौराणिक चित्रे आणि जोडीला निवेदन. ब्रुसेल्सच्या १९५८ च्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या ‘लाटेर्ना मॅजिका’ने पडद्यावरची माणसे आणि मंचावरचे कलावंत एकाच प्रयोगात आणले. पुढे २०१६ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने ‘द टेम्पेस्ट’ नाटकातील एरिअल या वायुरूप पात्राच्या नटाला सेन्सरचा पोशाख चढवला; त्याच्या हालचालींवर डिजिटल एरिअल त्याच क्षणी हलत असे.

तंत्रात अडचणी पुष्कळ. प्रोजेक्टर समोर ठेवला की नटाची सावली चित्रावर पडते, म्हणून प्रकाश मागून टाकतात किंवा जाळीचा पडदा वापरतात. हेडसेटमध्ये मान वळल्यावर दृश्य जरा जरी मागे राहिले, तरी मळमळू लागते. सर्वांत मोठी अडचण वेळेची. सलग चित्रफीत नटाला जखडून टाकते; हशा लांबला तरी ती थांबत नाही. त्यामुळे दृश्याचे तुकडे पाडून ऑपरेटरच्या हाती देतात. तो नटाचा श्वास बघून पुढचा तुकडा सोडतो, तबलजी गायकाकडे बघतो तसा.

सोलापूरकराला कथेच्या आत शिरणे नवे नाही. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतले भाविक नंदीध्वज नावाच्या उंच काठ्यांसोबत शहरभर चालतात आणि सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता सोहळ्यात सगळा जमाव वऱ्हाडी होतो. इथे प्रेक्षक म्हणून वेगळा कोणी उरतच नाही! हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहातल्या खुर्चीत मात्र तो पुन्हा अंधारात एकटा बसतो.

या प्रकाराला साजेशी जागा म्हणजे सिद्धेश्वर तलावाकाठचा भुईकोट किल्ला. संरक्षित स्मारकावर खिळा ठोकता येत नाही, पण प्रकाश भिंतीला ओरखडाही काढत नाही. विषयही गावातच आहे: इंग्रजांनी १९३० मध्ये शहरावर लादलेला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले चार हुतात्मे. काळा दगड उजेड पिऊन टाकतो, तेव्हा प्रोजेक्टर दमदार हवा. शिवाय गाव मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे. हेडफोनवर ज्याला त्याला आपल्या भाषेतले निवेदन ऐकवता येते, ही सोय साध्या नाट्यगृहात सहसा नसते.