बॅनर, पाटी, पत्रक छापायला टाकताय? आधी हे वाचा (आमच्या न्यू जर्सीतल्या ग्राहकांसाठी)

नमस्कार मंडळी,

आमचं छोटं प्रिंटिंगचं दुकान आहे हे तुम्हाला माहितीच आहे, गणपतीचे बॅनर, बारशाच्या पत्रिका, स्कूल बोर्डाच्या निवडणुकीच्या पाट्या, मोर्चाचे बोर्ड, सगळं होतं आपल्याकडे. काउंटरवर लोक रेट नंतर विचारतात, आधी विचारतात की "हे छापलं तर चालेल ना, काही लफडं नाही ना होणार?" मागे एक काका आले होते, त्यांच्या टाउनने (म्हंजे गावच्या पालिकेने) लायब्ररीचे तास कमी केले त्याच्या विरोधात घरासमोर पाटी लावायची होती. घरून चांगलं खणखणीत वाक्य लिहून आणलं होतं, मग इथे उभ्या उभ्या तीन वेळा खोडलं आणि शेवटी नुसतं "कृपया विचार व्हावा" एवढंच ठेवलं. तीस वर्षं टॅक्स भरणारा माणूस स्वतःच्या अंगणात आपलं वाक्य लावायला घाबरतो हे बघून आम्हाला खरंच वाईट वाटलं, म्हणून हे पत्रक. आम्ही वकील नाही, पण पाट्या छापता छापता या विषयातलं बरंच वाचावं लागलंय, ते तुमच्यासाठी लिहितोय.

मूळ गोष्ट

अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती, जिला इथे सगळे फर्स्ट अमेंडमेंट म्हणतात, ती १५ डिसेंबर १७९१ ला मंजूर झाली. इंग्रजीत एकच वाक्य आहे, ४५ शब्दांचं. त्यात पाच गोष्टी येतात: धर्म, बोलणं, छापणं, शांतपणे एकत्र जमणं आणि सरकारपुढे गाऱ्हाणं मांडणं. वाक्याची सुरुवातच अशी आहे की काँग्रेसने (इथल्या संसदेने) अमुक अमुक करणारा कायदा करू नये, म्हंजे हे बंधन सरकारवर घातलंय. भारतात कलम १९ मधे हक्क दिलाय आणि पाठोपाठ वाजवी निर्बंधही लिहिलेत, आणि भारताची जी पहिली घटनादुरुस्ती १९५१ ला झाली तिने बोलण्यावरच्या निर्बंधांची यादी वाढवली होती. इथे घटनेत तशी यादीच नाही, कुठे थांबायचं ते कोर्टांनी एकेक केस करत ठरवलंय. आपण तिकडच्या सवयीने आलेलो असतो त्यामुळे इथेही मनात आधी "चालेल का" हेच येतं.

सुरुवातीला हे फक्त केंद्र सरकारला लागू होतं. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन सुप्रीम कोर्टाने १९२५ पासून हळूहळू राज्यांना, आणि त्यामुळे तुमच्या टाउनशिपला, शाळेला, पोलिसांनाही ते लागू केलं.

आता दुकानातल्या कामाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं एक वाक्य सांगतो, बाकी विसरलात तरी चालेल: काय लिहायचं यात सरकार पडू शकत नाही, पण कुठे, कधी आणि किती मोठ्याने यावर नियम करू शकतं, आणि ते नियमही सगळ्यांना सारखेच पाहिजेत.

पत्रकं वाटताना

या बाबतीत आपल्या न्यू जर्सीचा इतिहास मोठा आहे आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटतो. जर्सी सिटीचे मेयर फ्रँक हेग कामगार संघटनेला सभा घेऊ देत नव्हते, पत्रकं वाटू देत नव्हते, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९३९ मधे मेयर हरले. रस्ते आणि बागा पूर्वापार लोकांनी जमून आपल्या प्रश्नांवर बोलायच्या जागा आहेत, हा विचार त्या केसमधून आला. त्याच वर्षी इर्व्हिंग्टनची केस झाली, तिथे घरोघरी जाऊन पत्रकं द्यायला पोलिसांचं परमिट लागायचं, ते कोर्टाने रद्द केलं. त्याच निकालात दुसऱ्या काही शहरांचंही प्रकरण होतं, त्यांचं म्हणणं पत्रकांनी रस्त्यावर कचरा होतो, तर कोर्ट म्हणालं कचरा टाकणाऱ्याला पकडा, वाटणाऱ्याला का थांबवता.

पत्रकावर नाव घालायलाच पाहिजे का, हे खूप जण विचारतात. ओहायोमधे मार्गारेट मॅकिंटायर नावाच्या बाईंनी १९८८ मधे शाळेच्या टॅक्सविरुद्ध पत्रकं वाटली, काहींवर नाव नव्हतं म्हणून १०० डॉलर दंड झाला, केस चालू असताना त्या वारल्या, पण १९९५ मधे सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा स्वतःचं मत मांडणारं निनावी पत्रक आम्ही छापतो. उमेदवाराच्या प्रचाराचं मटेरियल मात्र वेगळं, त्यावर खर्च कोणी केला ते लिहायचे नियम आहेत, ते आधी बघून या.

आणि एक कळकळीची विनंती, पत्रकं लोकांच्या मेलबॉक्समधे टाकू नका. पोस्टाचं तिकीट नसलेला कागद मेलबॉक्समधे टाकणं हा फेडरल गुन्हा आहे, १९८१ मधे न्यूयॉर्कच्या ग्रीनबर्गमधल्या नागरिक संघटना यावर सुप्रीम कोर्टात गेल्या आणि हरल्या. दाराला अडकवायची पत्रकं असतात ती आम्ही करून देतो, ती वापरा.

घरासमोरची पाटी

मिसुरीच्या लडू गावात मार्गारेट गिलिओ बाईंनी १९९० मधे आखाती युद्धाविरुद्ध अंगणात पाटी लावली, नंतर वरच्या मजल्याच्या खिडकीत साध्या साडेआठ बाय अकराच्या कागदावर शांततेचा संदेश चिकटवला. गावाचा नियम आडवा आला. १९९४ मधे कोर्टाने एकमताने सांगितलं की स्वतःच्या घरावरची पाटी हा बोलण्याचा स्वस्त आणि खास मार्ग आहे, तो असा बंद करता येणार नाही. त्याच्याही आधी, १९७७ मधे, आपल्याच विलिंगबोरो टाउनशिपने घरांसमोर "विकणे आहे" अशा पाट्या लावायला बंदी घातली होती, ती पण टिकली नाही. आणि २०१५ मधे ॲरिझोनाच्या गिल्बर्ट गावाची केस झाली, तिथे एका छोट्या चर्चच्या दिशादर्शक पाटीला राजकीय पाटीपेक्षा कडक नियम होते, कोर्ट म्हणालं मजकूर बघून नियम बदलता येणार नाही. म्हंजे टाउन साइज ठरवेल, रस्त्यापासून किती आत ते ठरवेल, पण "असं लिहू नका" म्हणणार नाही.

मग आपले लोक म्हणतात, आमच्याकडे टाउन नाही हो, एचओए (होमओनर्स असोसिएशन, वसाहतीतल्या घरमालकांची खाजगी संघटना) आहे. हा प्रश्न अवघड आहे. एचओए सरकार नाही, त्यामुळे फर्स्ट अमेंडमेंट तिथे सरळ लागू होत नाही, पण न्यू जर्सीची स्वतःची राज्यघटना यात एक पाऊल पुढे आहे. पार्सिपनीमधे वसीम खान नावाचे गृहस्थ २००५ मधे टाउन कौन्सिलला उभे होते, त्यांनी स्वतःच्या टाउनहाउसच्या खिडकीत आणि दारावर स्वतःच्याच प्रचाराच्या पाट्या लावल्या, असोसिएशनने काढायला लावल्या कारण नियमात फक्त घर विकण्याची पाटी चालत होती. २०१२ मधे राज्याच्या सुप्रीम कोर्टाने खान यांच्या बाजूने निकाल दिला, सरसकट बंदी चालणार नाही म्हणून. पण २००७ मधे ट्विन रिव्हर्सच्या केसमधे असोसिएशन जिंकली होती, कारण तिथे बंदी नव्हती, खिडकीत एक आणि घरालगतच्या फुलझाडांत एक अशी मर्यादा होती. दोन्ही निकाल एकत्र वाचले की तुमच्या एचओएला काय विचारायचं ते कळतं. मॉलचंही तसंच, बहुतेक राज्यांत मॉलवाले पत्रक वाटणाऱ्याला सरळ बाहेर काढू शकतात, न्यू जर्सीत १९९४ च्या निकालामुळे मोठ्या मॉलमधे सार्वजनिक विषयाची पत्रकं वाटता येतात, मॉलच्या वाजवी अटी पाळून.

विजेच्या खांबांवर मात्र अजिबात नको. आम्ही हे स्वतः भोगलंय, पहिल्याच वर्षी मंडळासाठी हौसेने चाळीस पाट्या करून खांबांना बांधल्या आणि दोन दिवसांत टाउनच्या लोकांनी सगळ्या उतरवल्या. राग आला होता, आमचा कार्यक्रम बघून काढल्या असं वाटलं होतं, नंतर कळलं की खांबावर कोणाचीच पाटी नको असा नियम करता येतो, १९८४ ची लॉस एंजलिसची केस आहे.

मिरवणूक, मोर्चा आणि ढोल-ताशा

फुटपाथवर चारपाच जण बोर्ड धरून उभे राहिलात, वाट अडवली नाही, तर साधारणपणे परमिट लागत नाही. रस्ता बंद करून मिरवणूक किंवा मोर्चा असेल तर लागतं, आणि ते मागणं घटनेत बसतं हे १९४१ पासून ठरलेलं आहे. फी पण घेता येते. पण तुमचा विषय भडक आहे, विरोधक जमतील, जास्त पोलिस लागतील म्हणून जास्त फी, असं करता येत नाही, जॉर्जियाच्या फोर्सिथ काउंटीचा दिवसाला १००० डॉलरपर्यंत फी लावायचा नियम १९९२ मधे याच कारणाने पडला. गणपतीच्या मिरवणुकीला आणि दुसऱ्या कुठल्याही परेडला एकच माप पाहिजे, जास्त आकारत असतील तर शांतपणे लेखी कारण मागा.

आवाजाच्या बाबतीत मात्र टाउनचं ऐकावं लागेल. लाउडस्पीकर लावलेल्या गाड्यांवरची बंदी सुप्रीम कोर्टाने १९४९ मधे मान्य केली, ती केस ट्रेंटनची, आणि १९८९ मधे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या कार्यक्रमांचा आवाज शहराने ताब्यात ठेवणंही मान्य केलं. त्यामुळे पथकवाल्यांनो, अर्जात ढोल किती, ताशे किती, किती ते किती वाजेपर्यंत हे खरं लिहा.

धर्माचं थोडक्यात

दोन बाजू आहेत: सरकारने कुठला धर्म स्वतःचा म्हणून चालवायचा नाही, आणि कोणाच्या धर्माच्या आड यायचं नाही. पहिली बाजू राज्यांना लागू झाली ती १९४७ मधे, आपल्याच युइंग टाउनशिपच्या शाळेच्या बसभाड्याच्या केसमधून. मंदिराच्या बांधकामाला झोनिंग बोर्ड (कुठल्या जागेत काय बांधायचं ते ठरवणारं टाउनचं मंडळ) अडवत असेल तर २००० सालचा एक खास फेडरल कायदा आहे, वकिलाला तो आधी विचारा. टाउन हॉलच्या खांबावर झेंडा लावायचा असेल तर २०२२ ची बोस्टनची केस बघा: शहर बाकी सगळ्यांना देत होतं आणि ख्रिश्चन झेंड्याला नाही म्हणालं, ९ विरुद्ध ० ने शहर हरलं. शाळेत मुलांना झेंड्याला सलाम करायची सक्ती करता येत नाही हे १९४३ ला ठरलं, आणि १९६९ मधे आयोवाच्या मुलांना व्हिएतनाम युद्धाच्या निषेधाची काळी पट्टी दंडावर बांधायचा हक्क मिळाला, त्यातली मेरी बेथ टिंकर पट्टी बांधली तेव्हा १३ वर्षांची होती. ऑफिसात दिवाळीची सुट्टी हा मात्र फर्स्ट अमेंडमेंटचा विषय नाही, खाजगी कंपनी असेल तर तिथे १९६४ चा नागरी हक्क कायदा लागतो.

आम्ही काय छापत नाही

कोणाला खरीखुरी धमकी, लगेच मारहाण करायला लोकांना उठवणारा मजकूर, कोणाबद्दल खोटी बदनामी, याला कायद्याचंही संरक्षण नाही. नुसतं कडवट, बोचणारं, सरकारला झोंबणारं बोलणं याला पूर्ण आहे. आम्ही दुकान आहोत, सरकार नाही, त्यामुळे जातीवरून धर्मावरून शिवीगाळ आम्ही आमच्या मनाने नाकारतो. पण ग्राहक कुठल्या धर्माचा, कुठल्या पक्षाचा यावरून कधी परत पाठवलं नाही, पाठवणार नाही.

व्हिसावर असाल तर

हे हक्क फक्त नागरिकांचे नाहीत, इथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही बोलण्याचं स्वातंत्र्य आहे असं सुप्रीम कोर्टाने १९४५ मधे म्हटलंय. पण व्हिसा देणं आणि रद्द करणं हा वेगळा कायदा आहे, २०२५ मधे आंदोलनांशी संबंध जोडून परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द केल्याची प्रकरणं कोर्टात गेली. म्हणून एफ-१ (विद्यार्थी), एच-१बी (नोकरी) व्हिसावाल्यांनी मोर्चाला जायच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्या. तुम्हाला घाबरवायचं नाही, पण हे न सांगता नुसती पाटी छापून देणं आम्हाला पटत नाही.

ऑर्डर देताना: टाउनचं परमिट यायला कधी कधी कित्येक आठवडे लागतात, तेव्हा आधी अर्ज करा आणि तारीख पक्की झाली की बॅनर टाका. एचओएचे पाटीचे नियम असतील तर त्याचा फोटो पाठवा, साइज त्याप्रमाणे बसवतो. मराठी मजकूर युनिकोडमधे टाइप करून द्या, इमेज नको, जोडाक्षरं तुटतात. आणि लायब्ररीवाले काका, तुम्ही हे वाचत असाल तर तुमचा तो पहिला कागद आमच्याकडे ड्रॉवरमधे आहे, या, ते वाक्य जसंच्या तसं छापून देतो, आधीच्या पाटीचे तुम्ही दिलेले पैसे त्यातून वजा धरून.