गुरुजी शिकले की शाळा शिकली?

झेडपीच्या शाळेत बदलीची ऑर्डर आली की चार्ज देण्याची धावपळ सुरू होते. कपाटाच्या किल्ल्या, डेडस्टॉक रजिस्टर, पोषण आहाराचा उरलेला तांदूळ, सगळं मोजून, सह्या घेऊन दुसऱ्याच्या हवाली होतं. पहिलीतलं मुकं पोर कशानं बोलतं झालं, हे मात्र कुठल्याच यादीत नसतं. ते गुरुजींच्या डोक्यात असतं आणि त्यांच्याबरोबर एसटीत बसून निघून जातं.

शिक्षकानं शिकणं आणि शाळेनं शिकणं आपण सर्रास एकच धरतो. त्यांतला फरक कळतो तो बदलीच्या दिवशी.

शिक्षकांच्या शिकण्याला तोटा नाही. आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद असते, 2019 पासून केंद्र सरकारचा ‘निष्ठा’ हा प्रशिक्षण कार्यक्रम आहे, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वर्षाला किमान 50 तास प्रशिक्षणाची तरतूद आहे. पण प्रमाणपत्र शिक्षकाच्या नावाचं. शाळेच्या खात्यावर काही जमा होतंच असं नाही.

समजा, अमळनेरकडच्या एखाद्या गावात पहिलीतलं पोर म्हणतं, ‘मी घर जास’. पुस्तकात ‘जातो’, घरी ‘जास’. पुस्तकात ‘आहे’, घरी ‘शे’. चूक काढली की पोर गप्प बसतं, हे एका मॅडमच्या ध्यानात येतं. त्या आधी अहिराणीत गप्पा मारू देतात, मग हळूच पुस्तकावर आणतात. इथवर शिकल्या त्या मॅडम. दुसरीच्या सरांनीही तसंच सुरू केलं, अशा शब्दांची वही ऑफिसात राहिली, आणि नवा शिक्षक रुजू झाला की पहिल्याच दिवशी ती त्याच्या हातात पडली, तर शाळा शिकली. वही साधी शंभरपानी असली तरी चालते.

शाळेच्या शिकण्यातही दोन थर असतात. संस्था कशा शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या ख्रिस आर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी हा भेद 1970 च्या दशकात मांडला: एक म्हणजे चूक दुरुस्त करणं, दुसरं म्हणजे ज्या समजुतीवर काम चाललंय तीच तपासणं. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुवा भागात, दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं मजुरीला गुजरातकडे जातात आणि होळीला परततात. हजेरी घसरली म्हणून पाड्यावर जाऊन पालकांची समजूत घालणं हा पहिला थर. तो लागतोच. पण ‘वर्ष जूनपासून सलग चालतं, मधे गेलेलं पोर मागे पडणारच’ ही आपलीच समजूत तपासून पाहणं हा दुसरा. मग प्रश्न बदलतो: परतलेल्या पोराचा धडा कुठून सुरू करायचा, आणि ते सांगणारं शाळेत कोण आहे? जाणाऱ्या मुलाला त्याचं शिकणं कुठवर आलं याची नोंद असलेलं शिक्षण हमी कार्ड देतात, ते याच कामाचं. कोणी नीट भरलं आणि कोणी वाचलं तर.

इथे हेडसरांचा संबंध येतो. लोकवर्गणी काढून भिंती रंगवणारे, टॅब आणणारे, स्वतः सगळीकडे धावणारे हेडसर गावाला आवडतात, मलाही आवडतात. पण त्यांची बदली झाली की दोन पावसाळ्यांत रंग उडतो, आणि गाव म्हणतं, ‘त्या सरांची गोष्टच वेगळी होती.’ माझ्या मते ही स्तुती नव्हे, तक्रार आहे. न्यूझीलंडच्या शिक्षण-संशोधक विवियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये नेतृत्वावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. मुलांच्या निकालावर सर्वात मोठा परिणाम दिसला तो शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणाऱ्या आणि स्वतःही त्यांच्यासोबत शिकायला बसणाऱ्या मुख्याध्यापकांचा. आपल्या बैठकीत बहुधा परिपत्रकंच वाचली जातात. हेडसरांनीच आधी ‘माझ्या वर्गाला भागाकार जमत नाहीये, तुम्ही कसा घेता?’ असं विचारलं, की बाकीच्यांचीही जीभ सुटते. द्विशिक्षकी शाळेत तर बैठक म्हणजे दोन कप चहा; तिथे सबब चालत नाही.

आणि एक मंडळी अशी आहेत ज्यांची बदली कधीच होत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या. बहुतेक ठिकाणी त्यांची सही तेवढी लागते. चार्ज देताना त्यातल्या एखाद्या आईला खुर्ची देऊन बसवलं, तर कोणाच्या घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात, कोणतं पोर होळीनंतरही परतत नाही, कोणाला मागच्या मॅडमनी गाण्यावरून अक्षरं शिकवली, हे ती चहा येईपर्यंत सांगून मोकळी होते.