पार्श्वभूमी : कॅमेऱ्याची वीज कुणाच्या खात्यात?

कोल्हापुरात घरांना कॅमेरे, अलार्म आणि व्हिडिओ डोअरफोन बसवून देणाऱ्या कंपन्या बहुधा शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीतली कामंही धरतात. ‘तुमचं कार्बन उत्सर्जन किती?’ हा प्रश्न येतो तो त्या बाजूने. घरमालक तो विचारत नाही. कारखान्याला त्याचं मोठं गिऱ्हाईक विचारतं, कारखाना पुरवठादाराला विचारतो आणि साखळी सरकत सरकत डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) विकणाऱ्यापर्यंत पोचते.

दाराचा अडसर, गल्लीत शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा, मग अपार्टमेंटचा वॉचमन हा इतिहास कोल्हापूरकरांना सांगायला नको. कार्बनच्या दृष्टीने खरा बदल डीव्हीआर आल्यावर झाला, कारण बहुतेक घरांत पहिल्यांदाच राखणीसाठी चोवीस तास वीज खाणारी वस्तू बसली.

कंपन्यांच्या उत्सर्जनाचा हिशेब कसा मांडायचा याचं जगभर वापरलं जाणारं मानक २००१ मध्ये आलं आणि २००४ मध्ये सुधारलं गेलं. त्यात तीन स्कोप, म्हणजे उत्सर्जनाचे तीन गट, आहेत. पहिल्यात स्वतः जाळलेलं इंधन, दुसऱ्यात विकत घेतलेली वीज आणि तिसऱ्यात बाकी सगळी साखळी. या तिसऱ्या स्कोपचे तपशीलवार नियम २०११ मध्ये आले, त्यांत पंधरा प्रकार आहेत. घरसुरक्षेच्या धंद्यातला सगळा वाद त्यातल्या अकराव्या प्रकाराचा आहे : विकलेला माल वापरताना होणारं उत्सर्जन.

आकडे मांडून बघू. टेक्निशियन मोटारसायकलवरून दिवसाला साठ किलोमीटर फिरला, गाडीने लिटरला चाळीसचं अ‍ॅव्हरेज दिलं, तर दीड लिटर पेट्रोल जळतं. लिटरमागे साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर तीनशे दिवसांत एक टन होतो. असे पाच टेक्निशियन म्हणजे पाच टन, वर ऑफिसचं वीजबिल. आता चार कॅमेरे आणि डीव्हीआरचा सेट घ्या. सगळं मिळून ३५ वॅट धरू. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा थोडी जास्तच ओढतो. वर्षाला तीनशे युनिट. आपल्या देशातल्या विजेमागे युनिटला सुमारे ०.७ किलो उत्सर्जन धरलं तर २१० किलो, आणि पाच वर्षांच्या आयुष्यात एक टन. म्हणजे एक सेट विकला की एका टेक्निशियनच्या वर्षभराच्या फिरतीएवढा कार्बन झाला. वर्षाला पाचशे सेट विकणाऱ्या कंपनीच्या खात्यात पाचशे टन येतात, आणि नियम असा की संपूर्ण आयुष्यभराचा आकडा विक्रीच्याच वर्षात दाखवायचा.

इथेच खटका उडतो. धंद्यातल्यांचं म्हणणं : बिल गिऱ्हाईक भरतं, बटण त्याच्या हातात, मग उत्सर्जन आमचं कसं? हा युक्तिवाद ऐकायला रास्त वाटतो, पण टिकत नाही. किती वॅटचा कॅमेरा घ्यायचा, किती कॅमेरे सुचवायचे, रेकॉर्डिंग सलग ठेवायचं की हालचाल झाल्यावरच, हे ठरवतो तो बसवणारा. घरमालक फक्त मान डोलावतो. मानकातही, वापरात थेट वीज खाणाऱ्या मालाचं उत्सर्जन मोजणं आवश्यक मानलं आहे.

मासिक भाड्याच्या योजनेत गुंता आणखी वाढतो. यंत्र कंपनीच्याच मालकीचं राहतं, म्हणून तो ‘विकलेला माल’ राहत नाही. भाड्याने दिलेल्या मालमत्तेच्या प्रकारात जातो आणि उत्सर्जन वर्षावर्षाने दाखवायचं. भिंतीवर कॅमेरा तोच, वीज तेवढीच, पण त्या वर्षाचा आकडा पाचव्या हिश्शावर येतो. अशी घट कपात म्हणून मिरवली तर ती शुद्ध फसवणूक आहे. ‘कॅमेऱ्यामुळे वॉचमनच्या फेऱ्या वाचल्या’ असं म्हणून एकूण आकड्यातून वजावट घेणंही चालत नाही. वाचलेलं उत्सर्जन वेगळं दाखवावं लागतं.

आपल्याकडे शेअर बाजाराच्या नियामकाने, सेबीने, २०२२-२३ पासून शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या पहिल्या हजार कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. पुरवठादारांची माहिती मागण्याचा निर्णय २०२३ चा. पुढे तो भाग ऐच्छिक केला गेला. माझ्या मते ही माघार चुकीची होती, कारण लहान कंपन्या जेमतेम मोजायला शिकत होत्या.

मोजणीत न येणारी एक बाजू, सेट वेळेआधीच बाद होण्याची, कोल्हापूरने २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाहिली. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट; दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तळमजल्यावर, जिन्याखालच्या कपाटात ठेवलेल्या डीव्हीआरमध्ये गाळ शिरला. झाकण उघडलं की हार्ड डिस्कवर मातीचा थर आणि कॅमेऱ्याच्या केबलच्या बीएनसी जोडांवर हिरवट गंज. अलार्म पॅनेलमधली बारा व्होल्टची शिशाची बॅटरी तर पूर नसला तरी तीन-चार वर्षांत बदलावीच लागते. अमेरिकेत २०२२ मध्ये ३जी नेटवर्क बंद झालं, तेव्हा त्यावरून इशारा पाठवणारी, चालू स्थितीतली लाखो अलार्म पॅनेल बदलावी लागली. तिथे पाणी शिरलं नव्हतं, तरी नव्या यंत्रांचा आणि टेक्निशियनच्या फेऱ्यांचा कार्बन झालाच. २०२२ च्या ई-कचरा आणि बॅटरी नियमांनी मुख्य जबाबदारी उत्पादक आणि आयातदारावर टाकली आहे. पण जुना सेट भिंतीवरून उतरवून तो भंगारवाल्याला द्यायचा की नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राला, हे ठरतं बसवणाऱ्याच्या हातून.

‘नेट झिरो’च्या, म्हणजे उत्सर्जन घटवून उरलेल्याची भरपाई करण्याच्या, घोषणांना २०२१ पासून जोर आला. देशाने त्या वर्षी ग्लासगोत २०७० चं लक्ष्य जाहीर केलं. कंपन्यांसाठी त्याच वर्षी आलेल्या वेगळ्या मानकात २०५० पर्यंत उत्सर्जन साधारण ९० टक्क्यांनी घटवायला सांगितलं आहे; उरलेल्यापुरतीच भरपाई. झाडं लावून हे जमत नाही. छपरावर सोलर बसवलं तर ऑफिसचा आकडा घटतो, गिऱ्हाइकाच्या घरातला नाही. तिथला आकडा दोनच गोष्टींनी खाली येतो : ग्रिडमधला कोळसा कमी होणं, जे कंपनीच्या हातात नाही, आणि कमी वॅटचा, जास्त वर्षं टिकणारा माल विकणं, जे पूर्णपणे तिच्याच हातात आहे. म्हणून एखाद्या कंपनीने वचन जाहीर केलं की आधी अकराव्या प्रकाराची ओळ शोधावी. ती रिकामी असेल तर बाकीच्या आकड्यांवरून कंपनीच्या उत्सर्जनाचा फारसा अंदाज येत नाही.