वनस्पतींतील एमएपी काइनेजांचे नामकरण

वनस्पतिपेशीतील मायटोजेन-सक्रियित प्रथिन काइनेज (एमएपी काइनेज किंवा एमएपीके) या विकरकुलातील घटकांना एकसमान नावे देण्याची ही पद्धत आहे. काइनेज हे एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूमधील फॉस्फेट गट दुसऱ्या रेणूवर, येथे प्रथिनावर, बसवणारे विकर होय. या कुलाचे काम तीन पायऱ्यांच्या साखळीने चालते: एमएपीकेकेके हे एमएपीकेकेला सक्रिय करते आणि ते एमएपीकेला; नावातला प्रत्येक जादा ‘के’ म्हणजे साखळीतली एक वरची पायरी. ‘मायटोजेन’ म्हणजे पेशीविभाजनाला चालना देणारा पदार्थ. प्राणिपेशींवरील संशोधनातून आलेले हे नाव जखम, रोग, थंडी व पाणीटंचाई यांचेही संदेश वाहणाऱ्या वनस्पतींतील विकरांना फारसे शोभत नाही. पण ते रुळले आहे.

१९९० नंतरच्या दशकात ज्याने प्रथिन शोधले त्याने आपल्या प्रयोगावरून त्याचे बारसे केले. तंबाखूच्या पानाला जखम केल्यावर आढळले ते डब्ल्यूआयपीके, म्हणजे जखमप्रेरित काइनेज. सॅलिसिलिक आम्लामुळे सक्रिय झाले ते एसआयपीके. पुढे दिसून आले की जखमेनंतर एसआयपीकेही सक्रिय होते. भातातील एका एमएपीकेला तर २००२-०३ या काळात वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी ओएसएमएपी१, ओएसएमएसआरएमके२, ओएसबीआयएमके१, ओएसएमएपीके५ अशी नावे दिली. याच्या जनुकाचा आविष्कार, म्हणजे त्यापासून प्रथिन बनणे, दडपले असता भाताची करपा या रोगाला होणारी प्रतिकारक्षमता वाढते, पण थंडी, क्षार व दुष्काळ सोसण्याची ताकद घटते. पाटण-जावळीच्या भातपट्ट्यात करपा ओळखीचा आहे. त्यावर अभ्यास करणाऱ्या साताऱ्याच्या विद्यार्थ्याने यांतील एकच नाव शोधले, तर बाकीच्या नावांखालील निष्कर्ष त्याच्या नजरेतून सुटतात.

प्रयोगशाळांत नमुना म्हणून वापरल्या जाणाऱ्या ॲरेबिडॉप्सिस थॅलियाना या छोट्या वनस्पतीचा जनुकसंच २००० साली प्रसिद्ध झाल्यावर कुलाची पूर्ण मोजदाद शक्य झाली. २००२ साली संशोधकांच्या एका गटाने त्यातील २० एमएपीके, १० एमएपीकेके व सुमारे ६० एमएपीकेकेके यांच्यासाठी नामपद्धती मांडली. एमएपीकेला एमपीके व एमएपीकेकेला एमकेके ही लघुरूपे आणि पुढे क्रमांक, अशी तिची रचना आहे. प्रथिनातील अमिनो आम्लांच्या क्रमातील साम्यावरून एमएपीकेचे अ ते ड असे चार गट पडतात. सक्रियणस्थळी, म्हणजे फॉस्फेट बसून विकर सक्रिय होते त्या जागी, पहिल्या तीन गटांत थ्रिओनीन–ग्लुटामिक आम्ल–टायरोसीन हा क्रम असतो, तर ड गटात मधल्या जागी ॲस्पार्टिक आम्ल येते.

नावाआधी जातीची आद्याक्षरे लावतात: ॲरेबिडॉप्सिससाठी एटी, भातासाठी ओएस. वाठार स्टेशन, वाठार किरोली आणि वाठार निंबाळकर यांत ‘वाठार’ला जोडलेला शब्द जे काम करतो, तेच येथे आद्याक्षरे करतात. याखेरीज प्रत्येक जनुकाला स्थानक्रमांक असतो. एटीएमपीके३ चा एटी३जी४५६४० असून त्यातील पहिला ३ गुणसूत्र दाखवतो. रानाला घरात कोणी ‘माळ’ म्हणो वा ‘विहिरीचा तुकडा’, सातबाऱ्यावरचा गट क्रमांक एकच राहतो, तसाच हा क्रमांक आहे.

भातात मात्र एकवाक्यता पूर्ण झालेली नाही. वर उल्लेखिलेले जनुक काही निबंधांत ओएसएमपीके५, तर ॲरेबिडॉप्सिसमधील समकक्षावरून क्रमांक देणाऱ्या निबंधांत ओएसएमपीके३ म्हणून येते. त्यामुळे भातावरील दोन निबंधांची तुलना करण्यापूर्वी स्थानक्रमांक जुळवून पाहावा लागतो.