घरातल्या अतिनील दिव्याची पार्श्वभूमी

बडोद्याच्या दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात मराठी घरांतून ‘दिवा घेणे’ म्हटले की जुन्या पिढीला लाल काचेचा शेकाचा दिवा आठवतो. कंबर धरली की तो लावायचा आणि चटका बसू लागला की मागे सरकायचे, एवढीच त्याची रीत. कोड किंवा सोरायसिस असलेल्या काही रुग्णांना त्वचारोगतज्ज्ञ हल्ली घरी वापरण्यासाठी जो दिवा सुचवतात, तो मात्र अतिनील किरणांचा असतो, आणि पाश्चात्त्य देशांत कांती रापवण्यासाठी घरोघरी गेलेल्या दिव्याशी त्याचे भाऊबंदकीचे नाते आहे. शेकाच्या दिव्याची उष्णता त्वचेला तत्काळ कळते. अतिनील किरण जाणवतच नाहीत, आणि त्यांनी केलेला दाह काही तासांनी उमटून सुमारे दिवसभरात शिगेला पोहोचतो. शरीर वेळेवर देत नाही तो इशारा बाहेरून कसा मिळवायचा, या खटपटीतूनच या दिव्याचे आजचे सगळे नियम आले आहेत.

आरंभ दवाखान्यात झाला. नील्स फिन्सेन यांनी १८९६ मध्ये कोपनहेगन येथे प्रकाशोपचाराची संस्था काढली आणि त्वचेच्या क्षयावर कार्बन आर्कच्या, म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीच्या, प्रखर प्रकाशाने उपचार केले; त्यासाठी १९०३ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. साधी काच उपयोगी अतिनील किरणांचा मोठा भाग अडवते, म्हणून पुढे पाऱ्याच्या वाफेचे दिवे क्वार्ट्झच्या नळीत बनू लागले आणि यंत्र आटोपशीर झाले. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अशाच दिव्याने मुडदूस झालेली मुले बरी करून दाखवली. बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात निजवणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवल वाटले नसते. पण ज्या शहरांत हिवाळाभर ऊन दिसत नाही, तेथे या दिव्याला ‘घरातला सूर्य’ म्हणून गिऱ्हाईक मिळाले आणि तो डॉक्टरच्या देखरेखीतून निसटला.

आपल्याकडे याच लाटेचे एक ठळक स्मारक गुजरातेतच आहे. जामनगरला तेथील राजे रणजितसिंहजींच्या पुढाकाराने १९३० च्या दशकात सोलारियम, म्हणजे उन्हाने उपचार करण्याची वास्तू, उभे राहिले. त्याची योजना फ्रान्सचे डॉक्टर झाँ सैदमाँ यांची. उंच मनोऱ्यावर रुग्णांच्या खोल्यांची आडवी रांग आणि सूर्याच्या दिशेने हळूहळू फिरणारा तो सगळा मजला, अशी ही वास्तू होती. गुजरातच्या रणरणत्या उन्हात उन्हासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणालाही वाटेल. पण त्या काळच्या वैद्यकाला ऊन नको होते, मोजलेले ऊन हवे होते, आणि हा फरक घरगुती दिव्यालाही तंतोतंत लागू पडतो.

पश्चिमेत दरम्यान रापलेली कांती ही फुरसतीची आणि सुट्टीची खूण ठरली. १९७० च्या दशकात मुख्यतः ‘अ’ गटाचे, म्हणजे ३१५ ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण देणारे झोपण्याचे पलंग आले. त्यांनी त्वचा लवकर लाल होत नाही, म्हणून ते निर्धोक आहेत असा समज पसरला. मधल्या काळात दिव्यासमोर डोळा लागून भाजलेल्यांची आणि उघड्या डोळ्यांना इजा झालेल्यांची संख्या इतकी होती की अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७९ मध्ये या दिव्यांना आपोआप बंद होणारा टायमर आणि संरक्षक चष्मा सक्तीचा केला. पण या उपायांनी आवरली ती तत्काळची इजा. साचत जाणारी हानी राहिलीच. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रापवणाऱ्या उपकरणांना कर्ककारकांच्या पहिल्या, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या, गटात घातले आणि त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठीचा त्यांचा वापर बंद केला. गोरेपणाच्या मलमांवर पैसा घालणाऱ्या आपल्या समाजात या पलंगांना फारशी मागणी नव्हती, हा योगायोगच. त्याचे श्रेय आपल्या शहाणपणाला देता येणार नाही.

आपल्याकडे हा दिवा आला तो कोडाच्या वाटेने. बावची या औषधी वनस्पतीचे बी लावून उन्हात बसवण्याची वैद्यांची रीत जुनी आहे. तिच्यातले सोरालेन हे द्रव्य भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये वेगळे काढले. सोरालेनची गोळी देऊन ‘अ’ किरणांचा मारा करण्याची पद्धत १९७४ पासून रूढ झाली. नंतर ३११ नॅनोमीटरच्या आसपासचेच किरण देणाऱ्या नळ्या आल्या आणि गोळीची गरज उरली नाही. १९९७ मध्ये कोडावरही त्यांचा गुण दिसल्याचे प्रसिद्ध झाले. आज घरी वापरायला मिळणारे हातातले यंत्र बहुधा याच नळीचे असते.

या यंत्राची वेळ सेकंदांत ठरते. आधी अल्प मात्रा, मग त्वचा किती लाल होते ते पाहून हळूहळू वाढ, आणि दोन वेळांत किमान एक दिवस मोकळा. त्वचेपासूनचे अंतर कमी झाले की मात्रा वाढते, म्हणून चार बोटे सांगितली असतील तर चार बोटेच. डोळ्यांना साधा गॉगल चालत नाही, यंत्राबरोबरचाच चष्मा लागतो. वेल्डिंगकडे पाहिलेल्या माणसाचे डोळे रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात, तोच प्रकार येथे होतो. डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक किंवा रक्तदाबाची काही औषधे चालू असतील तर त्वचा लवकर भाजते, तेव्हा ती डॉक्टरांना आधीच सांगावी. बावचीचे घरगुती तेल तर त्या काळात अजिबात लावू नये. जुने आणि नवे उपाय एकत्र करण्याचा मोह आपल्या घरांत फार असतो.

सर्वांत घोटाळा होतो तो नळी बदलताना. करोनाच्या दिवसांत जंतुनाशक ‘क’ किरणांच्या, २५४ नॅनोमीटरच्या नळ्या बाजारात सर्रास आल्या. काही नळ्या दिसायला सारख्याच असतात, खाचेत बसतातही, पण त्यांच्या किरणांनी त्वचा आणि डोळे भाजतात. म्हणून जुनी नळी काढण्यापूर्वी तिच्यावरचा क्रमांक उतरवून घ्यावा आणि तोच दुकानात दाखवावा. योग्य नळी मिळाली तरी जुन्या नळीचा जोर वापराने उतरलेला असतो आणि नवीचा पुरा असतो, त्यामुळे कालपर्यंतची सेकंदे तिला लावू नयेत. ती डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावीत.