शाळा वाड्यात भरायची तेव्हा: पुण्याच्या दगडी कॉलेजांची पार्श्वभूमी

पुण्यातलं जुनं कॉलेज म्हटलं की डोळ्यांपुढे काळा दगड आणि टोकदार कमानी येतात. पण इथलं सरकारी शिक्षण सुरू झालं ते सागवानी खांबांच्या वाड्यात. पेशवाई बुडून तीन वर्षं झाली होती. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात इंग्रज सरकारने संस्कृत पाठशाळा उघडली. पैसा पेशवे विद्वान ब्राह्मणांना वाटत त्या दक्षिणेचाच. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तीही भिडेवाड्यात. आपण अजूनही ‘शाळा भरते’ म्हणतो. त्या काळी जागा मिळेल तिथे शाळा खरोखरच भरवली जायची.

वाडा रस्त्याकडे पाठ करून बसतो. उजेड आणि वारा मधल्या चौकातून ओसरीवर येतो, आतल्या खोल्या अंधाऱ्याच राहतात. मांडी घालून पाठ म्हणायला ओसरी पुरते. पण १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ आलं आणि त्याबरोबर परीक्षा, पदव्या, बाकं, ग्रंथालयं आली. लिहिणाऱ्याच्या वहीवर उजेड हवा झाला.

संस्कृत पाठशाळेपासून वाढत आलेल्या पुणे कॉलेजला १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव मिळालं आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या इमारतीत गेलं. आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनिअरचा, देणगीत मोठा वाटा सर जमशेटजी जीजीभॉय यांचा. उतरती छपरं आणि मधला मनोरा पाहून लोक तिला ‘विलायती’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. खोल्यांपुढून जाणाऱ्या कमानदार व्हरांड्यात दुपारी उभं राहून पाहावं: ऊन कमानीशीच थांबतं आणि आतल्या भिंतीचा दगड हाताला गार लागतो. चौकातली ओसरीच इथे इमारतीच्या बाहेरच्या अंगाला आली आहे. विद्यार्थ्यांची राहण्याची सोयही इथेच होती. टिळकांची खोली आजही जपलेली आहे.

मुंबईत विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने लंडनमध्ये बसून काढले. तो भारतात कधी आलाच नाही.

पुण्यात मात्र वाडा सहजासहजी सुटला नाही. फर्ग्युसन कॉलेज १८८५ मध्ये गद्रेवाड्यातच सुरू झालं. चतुःशृंगीच्या वाटेवरच्या माळावर त्याची दगडी इमारत उभी राहायला १८९५ उजाडलं.